परक्याच्या रानातून जाणारी वाट

बांधावरून वाट मागणारा आणि वाट अडवणारा, यांचे भांडण आपल्या गावांना नवे नाही. ऊस तोडून झालेला असतो, ट्रॉली भरून उभी असते आणि मधल्या शेताचा मालक आडवा येतो. दोघांचे आजे एका पंगतीला जेवलेले असतात, पण वाटेचा विषय निघाला की बोलणे बंद होते. मग महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज, स्थळपाहणी, पंचनामा आणि त्यावर अपील. बापाने टाकलेला अर्ज मुलाने चालवल्याची उदाहरणेही आपण पाहतो.

अशा आपल्या वाचकांना जर सांगितले की, अमेरिकेत शेतकऱ्यांनी आणि रानमालकांनी हजारो मैलांच्या वाटा परक्या माणसांना आपल्या जमिनीतून जाऊ दिल्या आहेत, त्याही एक पैसा न घेता, आणि त्याही पोटापाण्याच्या कामासाठी नव्हे, तर केवळ हौसेने गाड्या फिरवण्यासाठी, तर चटकन विश्वास बसणार नाही. पण गोष्ट खरी आहे. ती कशी घडली आणि कशी टिकून आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

फुग्यासारख्या चाकांची गाडी

ज्या गाडीसाठी या वाटा आहेत तिला तिकडे ए.टी.व्ही. म्हणतात. कोणत्याही रानात चालणारी गाडी, असा त्याचा अर्थ. मोटारसायकलसारखी मांड टाकून बसायचे, तसेच हँडल धरायचे, पण खाली चाके चार. टायर रुंद, मऊ आणि अगदी कमी हवेचे. त्यामुळे वजन मोठ्या जागेवर पसरते आणि गाडी वाळूत, चिखलात, बर्फात रुतत नाही. वेग वाढवायला मोटारसायकलसारखी मूठ पिळायची नसते. अंगठ्याने एक लहानशी कळ दाबायची असते.

या गाडीचा जन्म जपानी कारखान्यातला आणि त्यामागचे कारण व्यापाराचे. थंडीच्या दिवसांत अमेरिकेत बर्फ पडले की मोटारसायकलींचा खप बसे. तेव्हा हिवाळ्यातही विकता येईल असे काहीतरी तयार करा, अशी मागणी होंडा कंपनीच्या तिकडच्या विक्रेत्यांनी केली. ओसामू ताकेउची या अभियंत्याने अनेक नमुने करून पाहिले आणि १९७० साली तीन चाकांची छोटी गाडी बाजारात आली. इंजिन ८९ सीसीचे, आणि स्प्रिंगा मुळीच नाहीत. धक्के सोसायचे ते फुगीर टायरांनीच. पुढे १९८२ मध्ये सुझुकी कंपनीने चार चाकांची गाडी आणली.

गाडी निघाली हौशी लोकांसाठी, पण शेतकऱ्याच्या नजरेतून ती सुटली नाही. कुंपणाची तार कुठे तुटली ते पाहणे, लांबच्या कुरणात जनावरांना मीठ आणि खुराक पोचवणे, आडरानात व्यालेली गाय शोधणे, अशा कामांना ट्रॅक्टर जड पडतो आणि पायी चालण्यात दिवस जातो. तिथे ही गाडी उपयोगी पडली. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियासारख्या पशुपालनाच्या देशांत तर घोड्याची जागा पुष्कळ ठिकाणी तिने घेतली. आठवडाभर कामाला जुंपलेली तीच गाडी रविवारी पोरांसोरांसह रानात फिरायला काढायची, हा रिवाज अमेरिकन खेड्यांत त्यातूनच पडला.

हौसेला लागलेले गालबोट

परंतु या हौसेची किंमत फार मोठी मोजावी लागली. तीन चाकांची गाडी दिसायला खेळण्यासारखी, म्हणून आईबापांनी ती मुलांच्या हाती दिली. प्रत्यक्षात ती वळणावर दगा देणारी होती. मागची दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असल्याने ती एकाच गतीने फिरत, आणि अंगाचा तोल नेमका सांभाळला नाही तर गाडी वळणावर उलटत असे. मोटारसायकलच्या सवयीने कोणी पाय जमिनीला टेकवला, तर मागचे चाक त्या पायावरून जाई. उतारावर गाडी कोलांटी घेई आणि चालवणारा खाली सापडे.

दवाखान्यात येणाऱ्या जखमींची संख्या वाढत गेली. त्यांत मुले पुष्कळ होती. अखेर ग्राहकांच्या सुरक्षिततेचे काम पाहणारा अमेरिकन सरकारचा आयोग कोर्टात गेला आणि १९८८ साली बड्या कंपन्यांशी तडजोडीचा हुकूमनामा झाला. तीन चाकांच्या नव्या गाड्यांची विक्री बंद, गाडी घेणाऱ्याला फुकट शिक्षण आणि सोळा वर्षांखालील मुलांसाठी मोठ्या इंजिनाची गाडी न विकण्याचे बंधन, अशी त्यातली मुख्य कलमे होती. त्याची दहा वर्षांची मुदत संपल्यानंतर काही काळ कंपन्या आपणहून नियम पाळत होत्या. २००८ मध्ये कायदाच झाला आणि तीन चाकांच्या नव्या गाड्या अमेरिकेत कायमच्या बंद झाल्या.

चार चाकांची गाडी अधिक स्थिर खरी, पण तीही उलटते. सोळा वर्षांखालील मुलाने ए.टी.व्ही. चालवूच नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे आजही सांगणे आहे. हे सारे आधीच सांगून ठेवण्याचे कारण असे की, पुढे ज्या मंडळांची हकीकत येणार आहे, त्यांच्या निम्म्या कामाचे मूळ या अपघातांत आहे. उरलेल्या निम्म्याचे मूळ शेतकऱ्याच्या रागात आहे.

शेतकरी का रागावला?

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या सरहद्दीला लागून मेन नावाचे राज्य आहे. दाट जंगल, हजारो तळी, लांबलचक हिवाळा, आणि उत्तरेकडच्या आरूस्टुक परगण्यात बटाट्याची मैलोगणती शेती. या राज्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन खाजगी मालकीची आहे. म्हणजे रानात फिरायचे तर कोणाच्या ना कोणाच्या मालकीतूनच जावे लागते. पूर्वापार तिथे शिकाऱ्याला, मासे धरणाऱ्याला, पायी फिरणाऱ्याला कोणी हटकत नसे. पण पायी चालणारा माणूस आणि इंजिनाची गाडी यांत फरक आहे.

गाड्या वाढल्या तशा तक्रारी वाढल्या. ओल्या जमिनीतून गाडी गेली की चाकोऱ्या पडतात. पुढच्या पावसात तीच चाकोरी ओहोळ होते आणि माती वाहून जाते. कोणी उभ्या पिकातून जवळची वाट काढली, कोणी फाटक उघडे टाकले आणि जनावरे रस्त्यावर आली, कोणी रात्री अपरात्री मोठ्या आवाजाच्या गाड्या घराजवळून नेल्या. बटाटा पिकवणाऱ्याला तर वेगळीच धास्ती. टायरला चिकटलेल्या चिखलाबरोबर एका शेतातला मातीतला रोग दुसऱ्या शेतात जातो. एका हौशी माणसाने अर्ध्या तासात केलेले नुकसान शेतकऱ्याला वर्षानुवर्षे भोगावे लागते.

मग मालकाने काय करावे? त्याने झाडाला पाटी ठोकली, ‘आत येण्यास मनाई’. प्रत्येकाने अशी पाटी ठोकली असती, तर हा खेळ तिथेच संपला असता. तो संपला नाही, याचे श्रेय गावोगावच्या मंडळांना जाते.

मंडळाचे खरे काम

आज मेनमध्ये अशी शंभराहून अधिक मंडळे आहेत. आपल्याकडच्या गणेश मंडळासारखीच त्यांची ठेवण असते. वर्गणी थोडीशी, बहुधा साऱ्या कुटुंबाची मिळून एकच. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार गावातलेच, आणि पगार कोणालाच नाही. महिन्यातून एकदा सभा भरते. बाहेरच्याला वाटेल की ही गाड्या फिरवणाऱ्यांची टोळी आहे. पण सभासदांना विचारले तर ते सांगतील की, गाडीवर बसण्यापेक्षा फावडे धरण्यातच अधिक वेळ जातो.

पहिले काम परवानगीचे. रानवाट कोणाकोणाच्या मालकीतून जाते याची यादी करून मंडळाचे लोक प्रत्येक मालकाच्या दाराशी जातात. स्वयंपाकघरात बसून बोलणे होते. वाट शेताच्या कोणत्या कडेने जावी, कोणत्या महिन्यात बंद असावी, घरापासून किती लांब असावी, हे मालक सांगतो आणि मंडळ ते लिहून घेते. ही परवानगी म्हणजे हक्क नव्हे. मालक ती केव्हाही परत घेऊ शकतो, आणि त्याने कारण सांगितलेच पाहिजे असेही नाही. मेनच्या कायद्याप्रमाणे आखून दिलेली वाट सोडून दुसऱ्याच्या जमिनीत गाडी घालायची तर त्याची संमती लागते.

दुसरे काम वाट राखण्याचे. वाऱ्याने पडलेली झाडे कापून बाजूला करणे, ओढ्यावर लाकडी साकव बांधणे, पाणी साचते तिथे नळाची मोरी घालणे, उतारावर ठरावीक अंतराने आडवे चर काढून पाणी बाजूच्या गवतात वळवणे. ही शेवटची युक्ती आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. उताराचे पाणी धावू द्यायचे नाही, हे आपण समपातळी बांधांच्या कामात शिकलो आहोत. वाटेच्या दुतर्फा पाट्या लावतात. इथे सावकाश, इथे फाटक लावून घ्या, इथून पुढे घर आहे, आवाज करू नका.

तिसरे काम वाट बंद ठेवण्याचे, आणि तेच सर्वांत अवघड. मेनमध्ये वसंतात बर्फ वितळते तेव्हा जमिनीची पार दलदल होते. तिकडचे लोक त्या दिवसांना चिखलाचा हंगामच म्हणतात. हिवाळाभर घरात कोंडलेली माणसे उन्हे पडली की बाहेर पडायला आसुसलेली असतात, आणि नेमक्या तेव्हाच वाटा बंद असतात. साधारणपणे मेच्या मध्यापर्यंत, उत्तरेत त्याहूनही उशिरापर्यंत, आडवी साखळी लावून वाट बंद ठेवतात. ज्या मंडळाला ही साखळी धरवत नाही, त्या मंडळाला पुढच्या वर्षी वाट उरत नाही.

याला लागणारा पैसा मोठा आहे. गाडीच्या नोंदणीची जी फी सरकार घेते तिचा वाटा, आणि पेट्रोलच्या करातला थोडा भाग, वाटांच्या कामासाठी राखून ठेवलेला असतो. मंडळाने केलेल्या कामापोटी त्यातून अनुदान मिळते. म्हणजे वाटेचा खर्च वाट वापरणाऱ्यावरच पडतो. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचाही असाच उपयोग केला आहे. एल्सवर्थ गावाजवळून निघणारी डाऊन ईस्ट सनराइज ट्रेल ही ८७ मैलांची, म्हणजे सुमारे १४० किलोमीटरची वाट जुन्या रेल्वेच्या पट्ट्यावरूनच जाते. त्याच वाटेवर पायी चालणारे, सायकलवाले, घोडेस्वार आणि या गाड्या, सगळेच असतात.

आणखी एक गोष्ट कायद्याची. माझ्या जमिनीत कोणी पडला-झडला तर भरपाई माझ्या गळ्यात येईल, ही भीती मालकाला असतेच. मेनच्या कायद्याने ती बरीचशी दूर केली आहे. मोबदला न घेता आपल्या जमिनीत लोकांना फिरू देणाऱ्या मालकावर साधारणतः तशी जबाबदारी येत नाही. मात्र धोका ठाऊक असून त्याने तो जाणूनबुजून लपवून ठेवला, तर त्याला हे संरक्षण नाही. हा आधार नसता, तर नुसत्या गोड बोलण्यावर कोणी वाट दिली नसती.

पत्त्यांची फेरी आणि घेवड्याचे जेवण

मंडळाचे सारेच काम घामाचे असते असे नाही. उन्हाळ्यात आणि पानगळीच्या दिवसांत सामुदायिक फेऱ्या निघतात. पुढे वाट माहीत असलेला जाणता, शेवटी दुसरा जाणता आणि मधे बाकीचे, अशी ओळ असते. वेग नवख्याचा धरायचा. वळणावर मागचा दिसेनासा झाला तर थांबायचे, हा साधा नियम.

सर्वांत लाडका कार्यक्रम म्हणजे पत्त्यांची फेरी. वाटेवर पाच ठिकाणी थांबे असतात. प्रत्येक थांब्यावर पत्त्यांच्या जोडातला एक पत्ता मिळतो. शेवटी पाच पत्त्यांचा ज्याचा डाव सरस, त्याला बक्षीस. यात पहिला कोण आला याला काही किंमत नाही, आणि त्यातच शहाणपण आहे. शर्यत लावली की माणसे वेगाच्या नादी लागतात. पत्ते लावले की गप्पा मारीत, थांबत थांबत जातात. जमलेले पैसे कधी पुलाच्या लाकडांना, कधी आजारी माणसाच्या औषधपाण्याला, तर कधी नाताळात गरीब मुलांच्या खेळण्यांना जातात.

मेनच्या खेड्यांत शनिवारी संध्याकाळी घेवड्याचे जेवण घालण्याची जुनी चाल आहे. आदल्या दिवशी भिजवलेला घेवडा काकवी आणि खारवलेले मांस घालून तासन् तास मंद आचेवर शिजवतात. काही ठिकाणी तर जमिनीत खड्डा करून, निखाऱ्यांत भांडे पुरून, रात्रभर ठेवतात. कोकणातली पोपटी खाल्लेल्याला त्या वासाची कल्पना येईल. अशा जेवणांना मंडळाची माणसे जमिनीच्या मालकांना सहकुटुंब बोलावतात. परवानगी कागदावर असते हे खरे, पण ती टिकते ती अशा पंगतींमुळे.

मुलांच्या बाबतीत मेनचा कायदा कडक आहे. दहा ते सोळा वर्षांच्या मुलाला गाडी चालवायची तर शिक्षणाचा वर्ग पुरा करावा लागतो. त्या वर्गाला आईने किंवा बापाने बरोबर बसावे लागते, आणि चालवतानाही मोठे माणूस सोबत लागते. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे. वर्गात गाडी चालवण्याइतकेच हेही शिकवतात की ही जमीन कोणाची तरी आहे. बापालाही ते पोराच्या शेजारी बसून ऐकावे लागते.

साखळीतली एक कडी

एवढे करूनही ही व्यवस्था किती नाजूक आहे पाहा. समजा, तीस मैलांची वाट चाळीस मालकांच्या जमिनीतून जाते. एकोणचाळीस जण खुशीत आहेत. एका रविवारी दुसऱ्या गावचे दोन तरुण येतात, पाटी न वाचता चाळिसाव्याच्या नव्याने पेरलेल्या शेतात गाडीने चकरा मारतात आणि निघून जातात. सोमवारी तो मालक साखळी लावतो. त्याचे चुकले असे कोणीच म्हणणार नाही. पण वाट मधेच तुटली, आणि दोन्हीकडचे पंधरा मैल निरुपयोगी झाले.

त्या वेळी मंडळाची परीक्षा असते. कसूर आपली नाही, असे सांगून हात झटकता येतात. परंतु ज्यांना वाट राखायची असते ते त्याच दिवशी मालकाच्या दाराशी जातात, नुकसान पाहतात, शेत सारखे करून देतात, गुन्हेगार सापडला तर त्याला पाठीशी घालत नाहीत, आणि तिथे दगड किंवा कुंपण घालून वाट शेतापासून दूर नेतात. कधी मालक राजी होतो, कधी होत नाही. झाला नाही तर त्याच्याशी वाद न घालता दुसरीकडून फेरा शोधायचा असतो. आज नाही म्हणणारा माणूस पाच वर्षांनी हो म्हणू शकतो. भांडून घेतले तर तेही दार बंद.

वैऱ्यांच्या नावाची वाट

मेनमधली वाट शेजारधर्मावर उभी आहे. त्याच देशात वेस्ट व्हर्जिनिया राज्यात वेगळा मार्ग धरला गेला. डोंगराळ मुलूख, कोळशाच्या खाणी, आणि खाणींतला रोजगार आटत चाललेला. तिथल्या विधिमंडळाने १९९६ मध्ये एक प्राधिकरण नेमले. कोळशाच्या आणि लाकडाच्या कंपन्यांच्या पडून राहिलेल्या जमिनींतून करार करून वाटा आखल्या आणि २००० साली त्या लोकांना खुल्या झाल्या. आज त्यांची लांबी हजार मैलांहून अधिक आहे. परवाना विकत घ्यावा लागतो, हेल्मेट सर्वांना सक्तीचे आहे. आजूबाजूच्या गावांतून मुक्कामाच्या खोल्या, खानावळी आणि दुरुस्तीची दुकाने उभी राहिली.

या वाटांचे नाव हॅटफील्ड-मॅकॉय. एकोणिसाव्या शतकात टग फोर्क नदीच्या दोन काठांवरची ही दोन वैरी घराणी होती. एका डुकराच्या मालकीवरून १८७८ मध्ये त्यांच्यात खटला झाला. आधीचे वैर त्याने चिघळले आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत दोन्हीकडचे मुडदे पडले. ज्या डोंगरांत ती माणसे एकमेकांवर बंदुका रोखून बसत, त्याच डोंगरांत आज दोन्ही घराण्यांच्या नावाची एक वाट आहे.

आपल्याकडे

ही गाडी आता आपल्यालाही अगदी अनोळखी राहिलेली नाही. अलिबागजवळ नागावच्या किनाऱ्यावर ती भाड्याने फिरवायला मिळते. २०२० साली राज्य सरकारने कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले, आणि शेतावर पाहुणे उतरवणाऱ्या कुटुंबांपैकी काहींच्या मनात अशी एखादी गाडी घ्यावी असे येणे साहजिक आहे. त्यांच्यासाठी चार गोष्टी.

एकाच्या बैठकीच्या गाडीवर दोघांना बसवू नका. मागे माणूस बसला की गाडीचा तोल बिघडतो. ‘थोडेच फिरवतो’ म्हणणाऱ्या पाहुण्याच्या पोराच्या हाती ती देऊ नका, मग त्याचा बाप कितीही आग्रह करो. हेल्मेटवाचून कोणाला बसू देऊ नका. डांबरी रस्त्यावर ती नेऊ नका, कारण तिचे टायर आणि मागचा आस त्यासाठी केलेले नाहीत. आणि आपल्या शेतात वाट आखताना ती उताराला सरळ उभी काढू नका, पावसाळ्यात ती बंद ठेवा. शेजाऱ्याच्या बांधाला वाट लागत असेल तर गाडी विकत घेण्यापूर्वी त्याच्या घरी जाऊन बसा. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी एवढेही ध्यानात ठेवावे की, समुद्री कासवे वाळूत अंडी घालतात, आणि त्या दिवसांत तिथे कोणतीही गाडी चालवणे म्हणजे ती चिरडणे होय.

मात्र गाडी आपल्याकडे येवो न येवो, मंडळाची रीत तरी घेण्यासारखी आहे. वाट ज्याला हवी त्याने मागायला जावे. वाटेचे पाणी, माती आणि फाटक त्यानेच सांभाळावे. ओल असताना त्याने आपणहून थांबावे. नुकसान झाले तर मालकाने हाक मारण्याआधी त्याने हजर व्हावे, आणि वर्षातून एकदा तरी दोन्ही घरे एका पंगतीला बसावीत. तहसीलदाराचे दार उघडे आहेच. पण त्या दारातून मिळालेल्या वाटेवरून जाताना शेजारी मान वळवून घेतो, आणि शेजारी मान वळवतो त्या वाटेवरून पिढ्यान् पिढ्या जा-ये करायची म्हणजे सोपे नाही.